बगळ्याची जागा

बर्डीच्या उतारावर, चपलांच्या दुकानाला लागून
हेडाऊ बाईंचं पुस्तकांचं दुकान. मे महिना.
माझ्या पिशवीत पाना, टेस्टर, पंपाची जुनी मोटर,
दाढीत अडकलेली वाळ्याची एक काडी.
'काय पाहून राहिले, भाऊ?'
मी बोटानं खालचा कप्पा दाखवला.
बोट अडखळत नाही.

दोन वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक घ्यायचं
तर लोक चित्रं बघतात, किंमत बघतात,
पानं चावली तर टिकतील का ते बघतात.
मीही बघितलं. पण मला आधी
ते ओठांवर ठेवून बघायचं होतं,
ढीग घेण्याआधी संत्र्याची एक फोड मागतात तसं.

कारण प माझ्या दारात पाय पसरून बसलेला असतो.
प, क, आणि कधीकधी ब.
माझंच नाव प्रशिक.
तीस वर्षांत ते एका दमात किती वेळा म्हटलं
ते मोजायला एक हात पुरे.
मुलीच्या नावासाठी घरात याद्या झाल्या तेव्हा
मी एकच अट घातली, कागदावर लिहून:
स्वरापासून. म्हणून उत्पला.

पण यमक असलं की जीभ
उतारावरच्या सायकलसारखी सुटते,
मागचा शब्द पुढच्याला हाक मारून ठेवतो.
हे शाळेतच कळलं होतं.
फक्त कविता संपली की
वर्गात साधं बोलावं लागायचं.

तर कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून
मी हळूच एकेक वाचत गेलो.
पहिल्यात कोल्हा मफलर घालून बर्फात घसरत होता.
बाहेर सेहेचाळीस. ठेवलं.
दुसऱ्यात 'सेवा' झाल्यावर लगेच 'मेवा',
मधे अभ्यास, शिस्त, दात घासणे.
यमक होतं, पण छडीसारखं. जीभ हलेना.
तिसऱ्यात 'आई'पाशी कुठून तरी 'शाई' ओढून आणलेली,
बिचारी अवघडून उभी.
चौथं पातळ, एक कोपरा उंदरानं चाखलेला:

म्हैस निघाली पाण्याकडे,
रेडकू मागे धडपडे.
बगळा म्हणतो, मीपण येतो,
पाठीवरती जागा घेतो.

एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.
प वरून गेलो, ब वरून गेलो,
दारात कोणीच बसलेलं नव्हतं.
थांबलो तेव्हा कळलं, आवाज मोठा झालाय
आणि हेडाऊ बाई पावतीबुक छातीशी धरून उभ्या आहेत.
'मंग पुढं काय झालं जी?'
उंदराच्या कोपऱ्याचे दहा रुपये त्यांनी सोडले.

रात्री इंदोऱ्याच्या घरी, कूलरसमोर, उत्पला पोटावर.
शेवटचा शब्द मी तिच्यासाठी सोडू लागलो.
'पाठीवरती जागा...'
'घेतो!'
आठवड्यात पुस्तकाची पाठ सुटली,
पिठाच्या खळीनं चिकटवली.

मग एका रात्री लाइट गेली. पान दिसेना,
तोंडपाठ म्हणत होतो, आणि यमकातच, पहिल्यांदा,
ब.
ब. ब.
ओठ चिकटले, मान ताठ, मानेवर तो जुना घाम.
अशा वेळी लोक जमिनीकडे बघतात,
किंवा शब्द हातावर टेकवतात, सुट्टे दिल्यासारखा.
तिला वाटलं, तिची पाळी आली.
'बगआ!' ओरडली, अंधारात टाळ्या पिटल्या,
आणि पुढच्या जागेची वाट बघत
माझ्या छातीवर हनुवटी टेकून थांबली.
मी किती वेळ काही बोललो नाही.
तिला घाई नव्हती.

परवा फोन आला, लक्ष्मीनगरातून.
'कूलरवाले का? पाणीच ओढून नाही राहिला.
कोण बोलून राहिलं?'
एका हातात फोन, कडेवर ती.
प.
प. प.
तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं,
फोनवर वाकली, आणि ठणठणीत:
'बगआ!'
'कोण?'
'हो,' मी म्हणालो. 'येतो.'